मोडलेल्या पंखाचा ठावठिकाणा

(वडनेर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाला शोभेल असा संतवाङ्मयाचा किंवा ग्रामसुधारणेचा एखादा भारदस्त विषय सोडून मी पक्ष्यांच्या पंखांच्या आणि पायांच्या हाडांविषयी बोलण्यास उभा राहिलो आहे, हे पाहून आपल्यापैकी कित्येकांच्या मनात विस्मय आणि काहींच्या मनात थोडी चिंताही उत्पन्न झाली असेल. विषयाची निवड चालकांनी माझ्यावर सोपविली, आणि ती सोपविताना हा मनुष्य उभा जन्म गुरांच्या दवाखान्यात राबलेला आहे याचा त्यांना विसर पडला नसावा, अशी माझी समजूत आहे. तेव्हा या प्रमादाचे उत्तरदायित्व आम्ही उभयतांनी वाटून घ्यावे हेच न्याय्य होईल.

विषय दूरचा वाटतो, पण तो आपल्या वेशीवरचा आहे. आपले हे गाव नागपूर–हैदराबाद महामार्गावर वसलेले. ज्याचा सरकारी क्रमांक पूर्वी 7 होता आणि आता श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत जो 44 या क्रमांकाने ओळखला जातो, त्या रस्त्याने मालमोटारी रात्रंदिवस धावतात, त्यांतून धान्य सांडते, धान्यावर उंदीर येतात, उंदरांवर गव्हाणी घुबड येते, आणि जमिनीलगत आवाज न करता उडणारा तो पक्षी दिव्याच्या झोताने दिपून काचेवर आदळतो. रातव्याला दिवसभर तापलेल्या डांबरावर रात्री बसण्याची खोड असते. भारद्वाज रस्ता ओलांडतो तो माणसाच्या कमरेइतक्या उंचीवरून. आणि तारेवरचा नीलपंख, ज्याचे दर्शन दसऱ्याला आपण शुभ मानतो, टोळ दिसताच खाली सूर मारतो त्या वेळी त्याची नजर टोळावर असते, मोटारीवर नसते. पावसाळ्यात गावातल्या चिंचेवर बगळ्यांची वीण भरते आणि वादळाच्या एका रात्रीत पिल्ले खाली पडतात. संक्रांतीच्या आगेमागे नायलॉनचा मांजा. जुलै 2017 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने त्यास देशभर मनाई केली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्या मनाईच्या अंमलबजावणीविषयी प्रशासनाला वारंवार जाब विचारला, तरीही तो दोरा जानेवारीत बाभळीच्या काट्यांत आणि विजेच्या तारांवर लोंबताना दिसतोच.

असा जखमी पक्षी कोणाच्या तरी अंगणात येतो, आणि त्याची दया न येणारा मनुष्य या मुलखात विरळा. ज्या वर्धा जिल्ह्यात 1936 पासून सेवाग्राम उभे आहे, तेथे करुणेची टंचाई आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु ती करुणा पहिल्या घटकेत काय करते, हे पाहिले म्हणजे मन खिन्न होते. चोच उघडून पाणी ओतले जाते, आणि ते श्वासनलिकेत जाते. जखमेवर तेल आणि हळद चोळली जाते, आणि पिसे कायमची चिकटतात. मग कामट्या आणि चिंधी घेऊन कोणी तरी जाणता इसम पंख बांधतो, तो इतका घट्ट की पक्ष्याचा श्वास कोंडतो. या साऱ्या धावपळीत एक प्रश्न कोणी विचारीत नाही, तो म्हणजे इजा कोठे झाली आहे? माझे आजचे सारे सांगणे या एका प्रश्नाभोवती आहे. इजेचा ठावठिकाणा लागल्यावाचून उपचाराला हात घालू नये. बिघाड जेथे दिसतो तेथे तो पुष्कळदा नसतो. आणि खरी जागा हुडकणे, निदान तिची नीट वर्दी देणे, हे कोणाही शहाण्या शेतकऱ्याच्या आवाक्यातले काम आहे.

आपल्या परंपरेत जखमी पक्ष्याचे सर्वांत थोर उदाहरण जटायूचे. नाशिक जिल्ह्यात इगतपुरी तालुक्यातील टाकेद येथे तो पडला असे आपण मानतो. वाल्मीकींनी त्या प्रसंगी रावणाने पक्ष्याचे पंख, पाय आणि कुशी छेदल्या असे तीन अवयव वेगवेगळे सांगितले आहेत. कवी शोकात असतानाही इजेच्या जागा सांगण्यास चुकलेला नाही, याचे मला नेहमी कौतुक वाटते. पुढच्या काळात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या विनोदांमध्ये ससाण्याच्या शिकारीलाही स्थान दिले. हे जे शिकारी पक्षी बाळगणारे लोक होते, त्यांना पंखाचे एक पीस मोडले तरी कळत असे, कारण त्यांची शिकार त्यावर अवलंबून होती. स्वार्थाने माणसाला जे बारकावे शिकविले ते दयेने अद्याप शिकविलेले नाहीत, ही गोष्ट कटू असली तरी खरी आहे.

आता शरीराकडे वळू. 1555 साली पिएर बेलाँ नावाच्या फ्रेंच निसर्गाभ्यासकाने पक्ष्यांवरील आपल्या ग्रंथात माणसाचा सांगाडा आणि पक्ष्याचा सांगाडा शेजारी शेजारी उभे करून एकेका हाडाला तीच तीच अक्षरे दिली. त्या एका चित्राने जे सांगितले ते असे की, पंख हा हातच आहे. आपल्याला दंड आहे, कोपर आहे, पुढच्या हाताची दोन हाडे आहेत, मनगट आहे, पंजा आहे. पक्ष्यालाही हे सारे त्याच क्रमाने आहे. ज्याने हे एकदा ध्यानात घेतले त्याला मिटलेला पंख म्हणजे पिसांचा एक गूढ पंखा वाटेनासा होतो. आपला उजवा हात कोपरात दुमडून, कोपर मागे आणि मनगट पुढे खांद्याजवळ आणून कुशीला लावावा. मिटलेला पंख तो हाच.

दंडाचे हाड, ज्याला दवाखान्यात ह्युमरस आणि परिभाषेत भुजास्थी म्हणतात, ते खांद्यापासून निघून पाठीलगत मागे जाते आणि पिसांखाली बहुतेक लपलेले असते. कोपरापासून दोन हाडे पुढे येतात, रेडियस आणि अल्ना. आपल्यात मनगटाशी रेडियस जाड. पक्ष्यात उलट, अल्ना जाड आणि रेडियस काडीसारखी बारीक. याचे कारण पिसांत आहे. पंखाच्या मधल्या भागाची पिसे अल्नेच्या मागल्या कडेला रोवलेली असतात, आणि रस्त्यावर मरून वाळलेल्या घारीची अल्ना हाती घेऊन तिच्या कडेवरून नख ओढले तर एका रांगेत बसलेले बारीक उंचवटे लागतात. प्रत्येक उंचवटा एकेका पिसाची जागा. मनगटापुढे हाताची हाडे एकमेकांत विरून गेलेली आहेत, पाच बोटांपैकी तीनच उरली आहेत, आणि त्यांवर पंखाच्या टोकाची लांब पिसे बसतात, बहुतेक पक्ष्यांत दहा. अंगठा मात्र सुटा राहिला आहे. त्यावरची तीन-चार ताठ पिसे पक्षी उतरताना उभारतो, म्हणून वेग मंदावला तरी तो कोसळत नाही. ज्या घारीचा अंगठा तारेने भाजून गेला आहे ती उडते, परंतु तिचे उतरणे बिघडते. आणि ती नीट झाली असे समजून तिला सोडून देणारे लोक तिचे उड्डाण पाहून टाळ्या वाजवितात, उतरणे पाहण्यास थांबत नाहीत.

कोपर आणि मनगट यांच्यामध्ये एक गुप्त करार आहे. रेडियस आणि अल्ना एकमेकींच्या लगत थोड्या सरकतात, आणि त्या सरकण्यामुळे कोपर उघडले की मनगट आपोआप उघडते, कोपर मिटले की मनगट मिटते. पक्ष्याची त्यात सोय आहे, कारण पंख उघडण्याचे निम्मे श्रम वाचतात. परंतु तपासणाऱ्याची त्यात फसगत आहे. कोपराचा सांधा निखळला असता मनगट वाकडे दिसते, आणि हात त्या वाकड्या मनगटाकडे जातो.

याहूनही मोठी फसगत खांद्याची. छातीच्या हाडापासून खांद्यापर्यंत एक भक्कम उभे हाड असते, कोराकॉइड. मागे फासळ्यांवर खांद्याचे चपटे पाते. आणि पुढे दोन्ही बाजूंच्या गळपट्ट्यांची हाडे जुळून झालेले टोकदार हाड. ही तीन हाडे जेथे भेटतात तेथे एक छिद्र राहते. पंख खाली मारणारा स्नायू छातीवर असावा हे कोणालाही पटेल. पण पंख वर उचलणारा स्नायूही छातीवरच, त्या पहिल्याच्या खाली असतो, हे ऐकून मनुष्य बुचकळ्यात पडतो. खालचा स्नायू वर कसा उचलील? विहिरीवर उभा असलेला मनुष्य दोर खाली ओढतो आणि रहाटावरून फिरून आलेला तोच दोर बादलीला वर आणतो. त्याप्रमाणे या स्नायूची दोरी त्या तीन हाडांच्या छिद्रातून वर जाऊन, वळून, दंडाच्या हाडाच्या वरच्या अंगाला बांधलेली असते. आता समजा, घुबड काचेवर छातीने आदळले आणि कोराकॉइड मोडले. पंखाचे एकही हाड मोडलेले नाही. पंख मिटलेला, जवळजवळ जागच्या जागी. बोटांना खरखर लागत नाही, रक्त नाही, सूज नाही. पक्षी बसतो, टक लावून पाहतो, आणि उडत मात्र नाही. उंच हातावरून त्याला किंचित खाली नेले असता सुदृढ पंख वर उचलला जातो आणि दुसरा आडव्या रेषेच्या वर जात नाही. अशा पक्ष्याला धक्का बसला आहे, रात्री बरा होईल, असे म्हणून झाडावर ठेवतात, आणि सकाळी मांजराने त्याची विल्हेवाट लावलेली असते. खरे म्हणजे हे मोडलेले हाड पक्ष्याला शांत आणि बंदिस्त ठेवले असता पुष्कळदा आपोआप जुळते. फक्त कोणाला तरी त्याचा संशय यावा लागतो, आणि क्ष-किरणाने त्याची खातरजमा करावी लागते.

तपासणीची रीत आता सांगतो. पहिली तपासणी डोळ्यांची, आणि ती दुरून. कारण जंगली पक्षी माणसाच्या हातात आला की भयाने आपली इजा लपवितो. दोन्ही पंखांची तुलना करावी. लोंबणे कोठून सुरू होते, एवढाच प्रश्न. कोपरच कुशीवरून खाली आले असेल तर दोष कोपराच्या वर, दंडाच्या हाडात किंवा खांद्यात. कोपर जागेवर आणि मनगट खाली आलेले असेल तर दोष पुढच्या हाताच्या हाडांत. मनगटही जागेवर, केवळ टोकाची लांब पिसे जमिनीवर लोळत असतील तर दोष हाताच्या हाडांत. हा ढोबळ नियम आहे, आणि त्याला अपवाद पुष्कळ. पण न्यायाधीशाने साक्षीदारास पहिला प्रश्न विचारावा तो याच तऱ्हेचा असतो, उत्तरावर लगेच शिक्षा ठोठावण्यासाठी नव्हे, दुसरा प्रश्न ठरविण्यासाठी.

मग पक्षी हाती घ्यावा, तो जाड कापडात, डोके झाकून. बगळा आणि ढोकरी यांची चोच थेट डोळ्याचा वेध घेते. घार आणि घुबड यांची शस्त्रे पायांत असतात. छातीवर बोटे आवळू नयेत, ही या व्याख्यानातील एकमेव सक्त ताकीद आहे असे समजा. आपल्याप्रमाणे पक्ष्याला छाती आणि पोट यांमध्ये श्वास ओढणारा स्नायूचा पडदा नाही. छातीचे हाड पुढेमागे हलते तेव्हाच त्याचा श्वास चालतो, आणि ते दाबून धरले तर नाक मोकळे असूनही पक्षी गुदमरून मरतो. त्याच छातीच्या हाडाच्या मधल्या उभ्या कडेवरून मात्र बोट अवश्य फिरवावे. कड दोन्ही बाजूंच्या मांसात बुडालेली असेल तर इजा ताजी. ती सुरीसारखी हाताला लागत असेल तर पक्षी कित्येक दिवस उपाशी आहे, आणि इजाही तितकीच जुनी.

त्यानंतर खांद्यापासून टोकापर्यंत, एकेक हाड दोन बोटांत धरून, वरचा आणि खालचा सांधा स्थिर ठेवून चाचपावे, आणि प्रत्येक टप्प्यावर दुसऱ्या पंखाशी ताडून पाहावे. पिसे फुंकर घालून बाजूला करावी, म्हणजे कातडी दिसते. तेथे हिरवा डाग दिसला तर घाबरू नये. आपल्या अंगावरचा मार काळानिळा होऊन पिवळा पडतो. पक्ष्याच्या रक्तातील रंगद्रव्य हिरव्या अवस्थेपर्यंत येऊन थांबते, कारण त्यापुढे नेणारे रसायन त्याच्या शरीरात जवळजवळ नसते. ते मांस सडल्याचे लक्षण समजून अवयव कापण्याचा सल्ला देणारे लोक मी पाहिले आहेत. हिरवा डाग म्हणजे दोन-तीन दिवसांपूर्वी बसलेला मार, आणि तो मार बहुधा हाडाच्या मोडीच्या अगदी वर असतो. तपासणाऱ्याला इतका उघड पुरावा दुसरा मिळत नाही.

काय मोडले आहे त्यावर भवितव्य ठरते. एकटी रेडियस मोडली असेल तर पक्षी भाग्यवान. जाड अल्ना तिला जागेवर धरते, आणि विश्रांतीने काम भागते. एकटी अल्ना मोडली तरी आशा चांगली. दोन्ही मोडल्या तर पुढचा हात लोंबतो, आणि तेथे कातडीखाली मांस थोडे असल्यामुळे हाडाची टोके बाहेर येतात. पक्ष्याच्या हाडाची भिंत पातळ आणि ठिसूळ असते. ते मोडते तेव्हा बहुधा सरळ दुभंगत नाही, त्याच्या कपच्या उडतात, आणि पक्षी फडफडतो तसतशा त्या कपच्या शेजारच्या नसा आणि कातडी कापीत सुटतात. म्हणून पहिल्या तासात फडफड थांबविणे हे कोणत्याही मलमाहून श्रेष्ठ.

दंडाच्या हाडाची गोष्ट निराळी, आणि ती थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. लंडनचे विख्यात शल्यवैद्य जॉन हंटर यांनी 1774 साली रॉयल सोसायटीपुढे एक निबंध सादर केला. पक्ष्याच्या फुफ्फुसापासून निघालेल्या हवेच्या पिशव्या हाडांत शिरतात, आणि पक्ष्याची श्वासनलिका बांधून टाकली तरी दंडाचे हाड कापून त्या भोकातून तो काही काळ श्वास घेऊ शकतो, असे त्यांनी प्रयोगाने दाखविले. प्रयोग क्रूर होता; आज त्याला परवानगी मिळणार नाही आणि मिळूही नये. परंतु त्यातून निघालेला निष्कर्ष आपल्या अंगणापर्यंत येतो. बहुतेक उडणाऱ्या पक्ष्यांचे दंडाचे हाड पोकळ असून त्याची पोकळी श्वासमार्गाला जोडलेली असते. ते मोडून जखम उघडी पडली, आणि आपण प्रेमाने तीवर पाणी, औषध किंवा तेल ओतले, तर ते थेट श्वासाच्या हवेत जाऊ शकते. पायाच्या जखमेवर चालणारा उपचार येथे पक्ष्याला बुडवून मारू शकतो. हेच हाड मोडले असता त्याला वळसा घालून जाणारी मोठी नसही धोक्यात येते, आणि ती तुटली तर हाड उत्तम जुळूनही पंख उघडत नाही. दंड मोडलेल्या पक्ष्याला हात न लावता खोक्यात घालून दवाखान्याकडे पाठविणे हाच गावातला पूर्ण उपचार होय.

मांजाची इजा बहुधा हाडाची नसतेच. खांद्यापासून मनगटापर्यंत पंखाच्या पुढच्या कडेला कातडीची एक ताणलेली घडी असते. पंख पसरला की ती पडद्याप्रमाणे उघडते आणि तिच्या कडेतून एक लवचिक दोरी जाते. मांजा त्या घडीत रुततो. पक्षी जितका ओढतो तितका तो खोल जातो. कोणी दयाळू मनुष्य दोऱ्याचे टोक धरून ओढतो आणि त्या ओढीने घडीतली राहिलेली दोरी कापतो. म्हणून दोरा ओढू नये, जखमेपासून वीतभर अंतरावर दोन्ही बाजूंनी कात्रीने तोडावा आणि आत रुतलेला तुकडा डॉक्टरसाठी तसाच ठेवावा. ही घडी आकसून बरी झाली तर सारी हाडे शाबूत असूनही पंख पुरता उघडत नाही.

पायाचे वर्णन थोडक्यात आटोपतो, कारण पंखाचा क्रम समजला त्याला पाय समजण्यास वेळ लागत नाही. बगळ्याचा गुडघा मागे वळतो असे आपण लहानपणापासून मानतो. तो मागे वळणारा सांधा गुडघा नव्हे, घोटा होय. खरा गुडघा पोटाजवळ, पिसांत लपलेला, आणि आपल्याप्रमाणेच पुढे वळणारा असतो. मांडीचे हाड त्याहूनही वर, मांसात बुडालेले. ते मोडले असता डोळ्यांना दिसत नाही, फक्त सारा पाय बाहेर फिरलेला आणि भार न घेणारा दिसतो. गुडघ्याखालची नडगी सर्वांत लांब, आणि पायाच्या मोडींपैकी बहुसंख्य मोडी तिच्यातच आढळतात. तिच्या शेजारचे दुसरे हाड सुईएवढे उरलेले आहे, त्यामुळे पुढच्या हाताप्रमाणे येथे एकाने दुसऱ्याला धरून ठेवावे ही सोय नाही. घोट्याखाली खवल्यांनी मढलेली जी नळी आपण ‘पाय’ समजतो ती वस्तुतः तळपाय आहे, टाचेपासून बोटांपर्यंत उभा राहिलेला. पक्षी आयुष्यभर चवड्यांवर चालतो. बोटांची ओळखही सोपी: मागल्या बोटाला दोन हाडे, आतल्याला तीन, मधल्याला चार, बाहेरच्याला पाच. कामट्या बांधून कोंबडीची नडगी जुळविणारे हाडवैद्य आपल्याकडे होते आणि त्यांची मी थट्टा करणार नाही. त्या हाडाला ती रीत थोडीफार मानवते. त्याच कामट्या पंखाला बांधल्या म्हणजे मात्र अनर्थ होतो, कारण पंख सरळ ठेवून नव्हे, मिटलेल्या अवस्थेत इंग्रजी आठाच्या आकड्याप्रमाणे पट्टी फिरवून स्थिर करावयाचा असतो, आणि दंडाची मोड असेल तर तो अंगाशीही बांधावा लागतो.

दोन्ही पाय एकाच वेळी लुळे पडलेले दिसले तर पायांत इजा शोधू नये. कबुतर, कोंबडी, ससाणा यांच्या पाठीच्या मणक्यांचा एक भाग पुढे जुळून एकसंध झालेला असतो, कमरेचा भाग मागे जुळून एकसंध झालेला असतो, आणि त्या दोन ताठ खांडांच्या मध्ये थोडी हलणारी एकच जागा राहते. आपटून पडलेल्या पक्ष्याचा कणा नेमका तेथे दगा देतो. बोटाला हलका चिमटा घेतला असता पाय आखडला, एवढ्यावर समाधान मानू नये, ते काम खालच्या खालीही होते. पक्ष्याने मान वळविली, डोळा मिटला, चोच उघडली, तरच वेदनेची वर्दी मेंदूपर्यंत पोचली असे समजावे.

आणि शेवटी अशा पक्ष्यांचा विचार, ज्यांचे काहीच मोडलेले नाही. आपण कपाशीच्या मुलखात राहतो. आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली फवारणीच्या विषाने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. ते विष माणसाला ओळखत नाही तसे मोरालाही ओळखत नाही. विष चढलेल्या पक्ष्याचे पंख सैल, पाय अशक्त, बोटे मुठीसारखी आवळलेली, तोंडाला लाळ. हाडे मात्र सारी शाबूत. एका बाजूचा एक अवयव बिघडला असेल तर हाडाचा संशय घ्यावा. सारा पक्षी एकदम ढासळला असेल तर विष, डोक्याचा मार किंवा उपासमार यांचा. तसेच घरट्यातून काढून वरणभातावर आणि भाकरीवर वाढविलेले पोपटाचे पिल्लू. कॅल्शियमवाचून त्याची हाडे मऊ राहतात, एक नव्हे अनेक ठिकाणी वाकतात, आणि ते कोठून पडले असेल म्हणून मालक मोडीची जागा शोधीत बसतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपला रानपोपट घरी बाळगण्यास मनाई आहे, हे येथे सांगून ठेवतो. कायद्याचे हे कलम पिल्लाच्या हाडांच्याही हिताचे आहे.

पक्ष्याचे हाड आपल्याहून लवकर जुळते. तीन आठवड्यांच्या आसपास ते पुष्कळसे पक्के होते. ही निसर्गाची कृपा म्हणावी तर तिची दुसरी बाजू ध्यानात घ्यावी: वाकडे बसलेले हाडही तितक्याच त्वरेने वाकडेच पक्के होते, आणि मग सळई घालून ते सरळ करण्यास नागपूरच्या शल्यवैद्यालाही काही उरत नाही. म्हणून ‘दोन-चार दिवस घरी पाहू’ ही तजवीज मला मुळीच मान्य नाही. ज्या पक्ष्याचा कोपराचा सांधा चुरा झाला आहे तो पुन्हा उडणार नाही, हेही मी स्पष्ट सांगतो. पिंजऱ्यात वर्षानुवर्षे भिंतीवर आदळत राहणाऱ्या घारीला जगविली असे म्हणणे मला दयेचा विपर्यास वाटतो. अशा पक्ष्याला जाणत्या हातांनी वेदनारहित मरण देणे अधिक सन्मानाचे. या मताशी आपल्यातील अनेकांचा विरोध असेल, आणि तो विरोध ऐकूनही माझे मत बदललेले नाही.

आपल्या सुदैवाने साधने दूर नाहीत. वर्ध्यालगत पिपरी मेघे येथे करुणाश्रम आहे, नागपूरला सेमिनरी हिल्सवर वनखात्याचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, आणि 1958 पासून चालत आलेले पशुवैद्यक महाविद्यालय आहे. त्यांच्यापर्यंत पोचणाऱ्या पक्ष्याबरोबर गावाने काय पाठवावे, हे सांगून थांबतो. हवेची भोके पाडलेले पुठ्ठ्याचे खोके, तळाशी जुने कापड, वर झाकण. जाळीचा पिंजरा नको, त्यात पिसे मोडतात. अन्न नको, पाणी नको. आणि एक चिठ्ठी: पक्षी कोणता, कोठे आणि केव्हा सापडला, कोणत्या बाजूचा अवयव, लोंबणे खांद्यापासून की कोपरापासून की मनगटापासून, जखम उघडी की बंद, पाय पकड घेतात की नाही. पंचनाम्यात पोलिसपाटील जेवढ्या ओळी लिहितो त्याहून ही चिठ्ठी मोठी होत नाही, आणि तीवरून डॉक्टरला प्रथम कोणत्या हाडाचे चित्र घ्यावे हे कळते. वनखात्याचा मदत क्रमांक 1926 आहे. तो शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर उद्याच्या उद्या ठळक लिहून घ्यावा, एवढी वडनेरकरांना माझी विनंती आहे.